दीड तासानंतर बदलणारी भाषा

प्रति,
मा. आयुक्त,
राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : एमएचटी-सीईटीतील गणिताची प्रश्नपत्रिका मराठी व उर्दूतही दाखवण्याबाबत



एमएचटी-सीईटीचा पीसीएम गटाचा पेपर तीन तासांचा असतो आणि त्याचे सरळ दोन तुकडे पडतात. पहिल्या दीड तासात भौतिकशास्त्राचे ५० आणि रसायनशास्त्राचे ५० प्रश्न, प्रत्येकी एक गुण. दुसऱ्या दीड तासात गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी दोन गुण. एकूण गुण २००, त्यांतले निम्मे एकट्या गणिताचे. अर्जात मराठी किंवा उर्दू भाषा निवडलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या तुकड्यातले प्रश्न त्या भाषेत वाचता येतात. नव्वद मिनिटे संपून गणिताचा भाग उघडला की भाषा बदलते. माहितीपुस्तिकेतली ओळ छोटी आहे आणि वर्षानुवर्षे तीच आहे : गणिताची प्रश्नपत्रिका फक्त इंग्रजीत. घर्षण आणि गतिज ऊर्जा मराठीत समजून घेणाऱ्या विद्यार्थ्याने त्याच खुर्चीवर, त्याच पडद्यावर, पाणी न पिता पुढचे शंभर गुण दुसऱ्या भाषेत मिळवायचे, असा हा नियम आहे.

या नियमाचा परिणाम देवनारसारख्या ठिकाणी नीट दिसतो. मुंबई महापालिकेच्या एम पूर्व विभागातला हा भाग. १९२७ पासून शहराचा कचरा इथे येतो. १९७१ पासून शहराचा कत्तलखाना इथे आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था याच पिनकोडात आहेत. त्यामुळे देवनारवर अहवाल पुष्कळ निघाले. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात शहरातल्या सर्व विभागांत एम पूर्वचा क्रमांक शेवटचा होता. शिवाजीनगर, बैंगनवाडी, लोटस कॉलनी या वस्त्यांत मराठी, हिंदी आणि उर्दू या तिन्ही भाषा एकाच गल्लीत बोलल्या जातात, आणि महापालिकेच्या शाळाही तशाच वेगवेगळ्या माध्यमांच्या आहेत. जानेवारी २०१६ मध्ये इथल्या कचऱ्याच्या डम्पिंग ग्राउंडला आग लागून दिवसेंदिवस धूर कोंडला, तेव्हा आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. बोर्डाच्या परीक्षा तेव्हा तोंडावर होत्या.

इथल्या विद्यार्थ्याची तयारी साधारण अशी चालते. दहावीपर्यंत गणित मातृभाषेत किंवा सेमी-इंग्रजीत. अकरावीत विज्ञान शाखा घेतली की फळ्यावरचे सगळे इंग्रजीत होते, शिक्षकांचे बोलणे मात्र अर्धे मराठीत किंवा हिंदीत राहते. 'आता इथे आपण साइन कॉमन घेऊ, मग बघा काय होतं' अशा वाक्यात गणित शिकवले जाते आणि ते समजतेही. क्लास परवडला तर चेंबूरला, नाही तर कॉलेजमधल्या नोट्स आणि जुनी पुस्तके. माटुंग्याच्या किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर एमसीक्यूचे जाडजूड पुस्तक निम्म्या किमतीत मिळते. त्यात आधीच्या मालकाने पेन्सिलीने टिकमार्क केलेले असतात. ते खोडता खोडता प्रकरणाचा अंदाजही येतो : जिथे पाने काळवंडली आहेत तिथे बराच घाम गाळलेला, जिथे कोरी आहेत ते प्रकरण सोडून दिलेले. कोऱ्या पानांत बहुतेक वेळा संभाव्यता सापडते.

अभ्यासाचा वेळ घराच्या घड्याळावर ठरतो. दहा बाय बाराच्या खोलीत चौघे-पाचजण असतील तर गणिताची वेळ म्हणजे सगळे झोपल्यानंतरची आणि नळाला पाणी येण्याच्या आधीची. ज्यांना अभ्यासिका जवळ आहे त्यांचे थोडे बरे चालते. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावीची बोर्डाची परीक्षा होते आणि लगेच सीईटीचे दिवस सुरू होतात. २०२५ मध्ये पीसीएम गटाची सत्रे १९ ते २७ एप्रिलदरम्यान होती आणि सव्वाचार लाखांच्या आसपास विद्यार्थी त्यांना बसले.

बोर्ड आणि सीईटी यांच्यातला फरक अभ्यासक्रमात कमी आणि सवयीत जास्त आहे. गणिताच्या पन्नासांपैकी ४० प्रश्न बारावीवर येतात, तर उरलेले १० अकरावीतल्या ठरावीक प्रकरणांवर : त्रिकोणमिती, सरळ रेषा, वर्तुळ, अपस्करणाची मापे, संभाव्यता, संमिश्र संख्या, क्रमचय-संयोग, फल, सीमा आणि सातत्य. बोर्डाच्या अभ्यासात अकरावी एकदा पास झाली की मागे पडते. मार्चअखेर ती पुस्तके पुन्हा माळ्यावरून काढावी लागतात. मात्र खरी उलथापालथ वेळेची असते. ९० मिनिटांत ५० प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला १०८ सेकंद. बोर्डात चार गुणांसाठी अर्धे पान पायऱ्या लिहायची सवय झालेली असते, आणि ती सवय इथे नडते.

एक उदाहरण. शून्यापासून पाय छेद दोनपर्यंत एका अपूर्णांकाचे संकलन करायचे आहे. वर साइनचे वर्गमूळ, खाली साइनचे वर्गमूळ अधिक कॉसचे वर्गमूळ. बोर्डात रीत ठरलेली आहे : क्षच्या जागी पाय छेद दोन वजा क्ष घालायचा, साइन आणि कॉस जागा बदलतात, दोन्ही रूपांची बेरीज केली की अपूर्णांक जाऊन १ उरतो, त्याचे संकलन पाय छेद दोन, त्याचा निम्मा पाय छेद चार. पाच-सहा ओळी, प्रत्येक ओळीला गुण. सीईटीची तयारी केलेला विद्यार्थी यातले काहीच लिहीत नाही. त्याला ठाऊक असते की वर्गमूळ असो, घन असो की शंभरावा घात, या रूपाचे उत्तर घातावर अवलंबून नसते. मग घात शून्यच धरावा : अपूर्णांक होतो एक द्वितीयांश, आणि उत्तर मध्यांतराच्या लांबीच्या निम्मे. दहा सेकंदांत पर्यायावर क्लिक. शुद्धतावाद्यांना ही लबाडी वाटेल. पण घातावर उत्तर अवलंबून नाही हे आधी कळल्याशिवाय ही लबाडी करता येत नाही, आणि ते कळणे हे गणितच आहे.

चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, हीही या परीक्षेची एक खोड. जेईई मेनमध्ये बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकलेल्याला एक कापला जातो. तिथे न येणारा प्रश्न सोडावा लागतो. सीईटीत सोडणे हा वेडेपणा. वीस प्रश्न न वाचता, डोळे मिटून टिपले तरी चार पर्यायांतून एक या हिशेबाने सरासरी पाच बरोबर येतात, म्हणजे दहा गुण. हा हिशेब मांडायला लागणारे द्विपद वितरण बारावीच्या अभ्यासक्रमातलेच शेवटचे प्रकरण आहे. कोऱ्या पानांच्या शेजारी कुणीतरी पेन्सिलीने 'सगळीकडे बी मार' असे लिहून ठेवलेले असते, ते याच प्रकरणाचे उपयोजन म्हणायचे.

आता भाषेचा प्रश्न. गणित चिन्हांत असते, त्याला भाषा कशाला, असा युक्तिवाद नेहमी होतो, आणि तो अर्धा खरा आहे. विकलन, संकलन, सारणी, त्रिकोणमिती यांतले बरेचसे प्रश्न एका इंग्रजी शब्दाने सुरू होतात आणि पुढे चिन्हेच चिन्हे. तिथे भाषा कोणतीही असली तरी फारसे बिघडत नाही. बिघडते ते तर्कशास्त्रात, संभाव्यतेत, क्रमचय-संयोगात, रेषीय प्रायोजनात आणि विकलजांच्या उपयोजनात. या प्रकरणांत प्रश्न वाक्यांत असतो आणि वाक्यातल्या एका शब्दावर उत्तर फिरते.

संभाव्यतेचा एक प्रश्न घ्यावा. पेटीत ५ लाल आणि ३ निळे चेंडू आहेत. परत न ठेवता तीन चेंडू काढले. किमान एक निळा येण्याची संभाव्यता किती? आठातून तीन निवडण्याचे प्रकार ५६. एकही निळा नाही असे प्रकार १०. म्हणून उत्तर ५६ पैकी ४६, म्हणजे २३ छेद २८. हाच प्रश्न इंग्रजीत 'अ‍ॅट लीस्ट वन' असा येतो. घाईत कुणी ते 'अ‍ॅट मोस्ट वन' वाचले, तर शून्य किंवा एक निळा असा अर्थ होऊन उत्तर येते ५ छेद ७. लीस्ट शब्द सुटून नुसता 'वन' राहिला, तर नेमका एक निळा : १५ छेद २८. आणि किमान म्हणजे काय हे कळून एकही निळा नसलेले प्रकार काढले, पण ते एकातून वजा करायचे राहिले, तर ५ छेद २८. प्रश्न तयार करणारा कसबी असेल तर चार पर्याय नेमके हेच चार आकडे असतात. आकडेमोड चौघांचीही बरोबर असते. यातला चौथा विद्यार्थी गणितात घसरला, तो एक गोष्ट विसरला. दुसरा आणि तिसरा मात्र इंग्रजीत घसरले, आणि गुण गेले गणिताच्या खात्यातून. 'किमान', 'जास्तीत जास्त' आणि 'नेमका' हे शब्द देवनारच्या बाजारात भाजी घेणाऱ्या पोरालाही एकमेकांत मिसळता येत नाहीत.

तर्कशास्त्र हे बारावीच्या गणिताचे पहिलेच प्रकरण आणि भाषेशी सर्वांत जास्त बांधलेले. 'पाऊस पडला तर शाळा बंद राहील' आणि 'पाऊस पडला तरच शाळा बंद राहील' ही दोन विधाने. पहिल्यात पावसावरून शाळेचा निष्कर्ष निघतो. शाळा इतर कारणानेही बंद राहू शकते. दुसऱ्यात शाळा बंद असेल तर पाऊस पडलेला असणारच. पहिले विधान दुसऱ्याचा व्यत्यास. मराठीत सगळा फरक एका 'च'मध्ये आहे, आणि तो 'च' मूल चार वर्षांचे असताना घरातच शिकते : 'जेवलास तर खेळायला जा' आणि 'जेवलास तरच खेळायला जा' यांतला फरक आई समजावून सांगत नाही, तो आवाजातून कळतो. इंग्रजीत हेच काम 'इफ' आणि 'ओन्ली इफ' करतात, आणि कित्येक हुशार विद्यार्थी बारावी संपेपर्यंत ओन्ली इफला इफचाच ठासून केलेला उच्चार समजतात. ज्या भाषेत विद्यार्थ्याचे तर्कशास्त्र आधीपासून पक्के आहे ती भाषा बाजूला ठेवून दुसऱ्या भाषेतले तर्कशास्त्र तपासायचे, हा प्रकार मोजमापाच्या दृष्टीने विचित्र आहे. मोजायचे आहे एक आणि पट्टी लावली जाते दुसऱ्यालाच.

रेषीय प्रायोजनात तर इंग्रजीची नकारार्थी रचना छळते. 'नॉट लेस दॅन टेन' म्हणजे दहा किंवा त्याहून जास्त. एक नकार, एक 'कमी', आणि चिन्ह मात्र 'मोठे किंवा समान'. मराठीत 'किमान दहा' म्हणून मोकळे होता येते.

संज्ञांच्या बाबतीत मराठी काही ठिकाणी इंग्रजीहून नेमकी आहे. दहावीच्या मराठी पुस्तकात त्रिकोणाची मध्यगा वेगळी आणि सांख्यिकीतला मध्यक वेगळा; इंग्रजीत दोन्ही 'मिडियन'. कोनाचे माप अंशांत आणि बहुपदीची कोटी. इंग्रजीत दोन्हीकडे 'डिग्री'. उलटही घडते : मराठीत 'अंश' म्हणजे कोनाचे माप आणि अपूर्णांकातला वरचा आकडाही, तेव्हा इंग्रजीच गोंधळ टाळते. कुठलीही भाषा गणितासाठी जन्माला आलेली नसते, ती घडवावी लागते. मराठी घडायला फार पूर्वीच लागली. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर १८४६ मध्ये वारले, त्याआधी त्यांनी कॅल्क्युलसवर 'शून्यलब्धिगणित' हे मराठी पुस्तक लिहिले होते. 'शून्यलब्धि' हा शब्द टिकला नाही, पण शून्याकडे झुकणाऱ्या राशींतून काही लाभते ही कल्पना त्या शब्दाने जितक्या थोडक्यात पकडली तितकी पुढच्या कुठल्या शब्दाने पकडलेली नाही. मुंबईत कॅल्क्युलस मराठीत लिहिले गेले त्याला पावणेदोनशेहून अधिक वर्षे झाली. त्याच मुंबईतून चालणाऱ्या परीक्षेत त्याच विषयाचा प्रश्न मराठीत विचारता येत नाही.

वेळेचा हिशेबही याच्याशी जोडलेला आहे. दुसऱ्या भाषेत वाक्य वाचायला दर प्रश्नामागे सरासरी केवळ १२ सेकंद जास्त लागतात असे धरले, तरी ५० प्रश्नांना ६०० सेकंद, म्हणजे दहा मिनिटे जातात. १०८ सेकंदांच्या दराने दहा मिनिटांत साडेपाच प्रश्न होतात, म्हणजे ११ गुण. आणि ११ गुण म्हणजे किती, हे पर्सेंटाइलमध्ये पाहिले की कळते. प्रत्येक सत्रातल्या विद्यार्थ्याला आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी गुण मिळवणारे त्या सत्रात शेकडा किती, यावरून पर्सेंटाइल मिळते, तेही दशांश चिन्हापुढे सात आकड्यांपर्यंत. २७ हजारांच्या सत्रात एक पर्सेंटाइल म्हणजे २७० विद्यार्थी. मधल्या पट्ट्यात, जिथे गुणांची दाटी असते, तिथे दोन-चार गुणांवर शेकडो जण पुढे-मागे होतात आणि त्यावर सरकारी कॉलेज, शाखा, घरापासूनचे अंतर, फी असे सगळे ठरते. देवनारच्या घरात फीचा आकडा हा शेवटचा नसून पहिला प्रश्न असतो.

गणित मराठीत आणि उर्दूत विचारण्याला तीन आक्षेप घेतले जातात.

पहिला, अकरावी-बारावी इंग्रजीत शिकवले जाते, मग प्रश्न मराठीत देऊन उपयोग काय. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला सोपे उत्तर नाही. 'कंटिन्युइटी' हा शब्द दोन वर्षे ऐकलेल्या विद्यार्थ्यापुढे एकदम 'सातत्य' आले तर तो अडखळेल. नुसता मराठी पेपर देणे म्हणजे एक अडथळा काढून दुसरा ठेवणे. म्हणून मागणी नुसत्या मराठी पेपरची नाही. प्रश्न इंग्रजीत आणि त्याच्याखाली निवडलेल्या भाषेत, दोन्ही एकाच पडद्यावर, अशी रचना हवी. संज्ञा इंग्रजीतून ओळखता येते, वाक्य मराठीतून कळते. हाच आक्षेप भौतिकशास्त्राला आणि रसायनशास्त्रालाही लागू होतो, कारण तेही अकरावी-बारावीत इंग्रजीतच शिकवले जातात. तरी त्यांचे प्रश्न मराठी आणि उर्दूत येतात. गणितालाच वेगळा न्याय का, याचे कारण कुठे मांडलेले सापडत नाही.

दुसरा आक्षेप भाषांतरात चुका होतील हा. चुका होतात. पण इंग्रजीत ठेवल्याने त्या टळत नाहीत. २७ एप्रिल २०२५ च्या सकाळच्या सत्रात गणिताच्या २१ प्रश्नांचे पर्याय चुकीचे निघाले. कक्षाने ते मान्य केले आणि ५ मे रोजी त्या सत्रातल्या सुमारे २७ हजार विद्यार्थ्यांची फेरपरीक्षा घेतली. पन्नासांपैकी २१, आणि तेही इंग्रजीतल्या प्रश्नपत्रिकेत. चूक दिसताच फेरपरीक्षा घेणे हे कक्षाच्या बाजूने नोंदवायला हवे. पण चुका रोखायच्या असतील तर त्यासाठी तपासनीस हवेत, भाषा कमी करून ते साधत नाही. उलट एका प्रश्नाची दोन भाषांत मांडणी झाली की चुकीचा पर्याय दुसऱ्या नजरेला पडण्याची शक्यता वाढते. देशपातळीवर हे काम चालू आहे : जेईई मेन २०२१ पासून १३ भाषांत होते, त्यांत मराठी आणि उर्दू दोन्ही आहेत, आणि गणितही त्यात आहे. अर्थाबद्दल शंका आली तर इंग्रजी पाठ अंतिम, अशी सोपी तरतूद तिथे आहे. आयआयटीच्या वाटेवरची परीक्षा मराठीत देता येते आणि महाराष्ट्राची स्वतःची देता येत नाही, हे विद्यार्थ्यांना समजावून सांगणे शिक्षकांना अवघड जाते.

तिसरा आक्षेप पुढचे शिक्षण इंग्रजीत असते हा. तोही आता पूर्वीइतका पक्का राहिलेला नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१-२२ पासून प्रादेशिक भाषांत इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली. त्या पहिल्याच फेरीत पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमध्ये कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची पदवी मराठीतून सुरू झाली. म्हणजे पदवी मराठीत घेता येते, मात्र तिच्या दारावरचा गणिताचा पेपर इंग्रजीत द्यावा लागतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. अभिजात भाषेत चेंडू आणि पेटीचा प्रश्न विचारायला हरकत नसावी.

देवनारला लागूनच मानखुर्दमध्ये, वि. ना. पुरव मार्गावर, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे हे केंद्र देशातल्या गणित ऑलिम्पियाडचे काम पाहते. प्रादेशिक ऑलिम्पियाडचा पेपर तीन तासांचा असतो आणि त्यात प्रश्न सहा. एकाच टापूत गणिताच्या परीक्षेच्या दोन टोकांच्या कल्पना नांदतात : एका प्रश्नाला अर्धा तास, आणि एका प्रश्नाला १०८ सेकंद. चार लाख विद्यार्थ्यांची परीक्षा पहिल्या पद्धतीने घेणे शक्य नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. पण वेग हीच कसोटी ठरवली की वेग कशाचा मोजला जातो याची जबाबदारी वाढते. गणिताच्या वेगात वाचनाचा वेग मिसळला तर निकालात दोन्हींची बेरीज येते, आणि ती वेगळी काढता येत नाही.

यासाठी काही गोष्टी करता येतील. गणिताचा भागही अर्जात निवडलेल्या भाषेत, इंग्रजीच्या जोडीने दाखवावा. पहिल्या दीड तासात ज्या यंत्रणेवर मराठी आणि उर्दू दिसते तीच यंत्रणा दुसऱ्या दीड तासातही चालू असते. उर्दूत मजकूर उजवीकडून आणि समीकरणे डावीकडून धावतात, त्यामुळे मांडणी किचकट होते. पण भौतिकशास्त्रातली सूत्रे याच पद्धतीने उर्दू वाक्यांत बसवली जातातच. सुरुवात तर्कशास्त्र, संभाव्यता, क्रमचय-संयोग, रेषीय प्रायोजन आणि विकलजांची उपयोजने या पाच प्रकरणांपासून करता येईल, कारण वाक्यांचे प्रश्न तिथेच एकवटलेले आहेत. भाषांतर शब्दकोश घेऊन बसणाऱ्याने करू नये. ते वर्गात गणित शिकवणाऱ्या मराठी आणि उर्दू शिक्षकांकडून व्हावे आणि शालेय पाठ्यपुस्तकांतल्या संज्ञांना धरून व्हावे, म्हणजे दहावीत 'मध्यगा' शिकलेल्याला सीईटीत तिसराच शब्द भेटणार नाही.

संज्ञांची यादी माहितीपुस्तिकेसोबतच प्रसिद्ध व्हावी. पंचवीस प्रकरणांच्या कामाच्या संज्ञा दीडदोनशेच्या पुढे जाणार नाहीत. चार पानांत इंग्रजी, मराठी आणि उर्दू असे तीन रकाने मावतील. ही चार पाने अर्ज भरण्याच्या वेळी हातात पडली, तर परीक्षेपर्यंत तीन-चार महिने मिळतात. देवनारमध्ये ती झेरॉक्सच्या दुकानातून एका दिवसात गल्लीभर पोचतील.

देवनार, मुंबई ४०००८८